तापणाऱ्या कोब्यावर टाइल्स: थेट चिकटवाव्यात की मधे मॅट घालावी?

जर्मनी-इंग्लंडमधल्या बऱ्याच घरांत फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या असतात. नळ्या कोब्यात गाडलेल्या आणि त्यावर टाइल्स. टाइल तडकली की दोष टाइलला लागतो, पण बहुतेकदा हललेला असतो तो खालचा कोबा. तापमान एका अंशाने वाढलं की सिमेंटचा कोबा दर मीटरमागे सुमारे 0.012 मिमी वाढतो, पोर्सेलीनची टाइल साधारण 0.0065 मिमी. म्हणजे 8 मीटर लांब कोबा 20 अंशांनी तापला तर 1.9 मिमी पसरतो, वरची टाइल्सची रांग जेमतेम 1 मिमी. मधला 0.9 मिमी कशावर सोपवायचा, एवढाच प्रश्न आहे.

थेट चिकटवायचं तर तो भार अॅडहेसिव्हवर येतो. साधं अॅडहेसिव्ह इथे चालत नाही. पिशवीवर सी-2 आणि एस-1 अशा खुणा हव्यात. सी-2 म्हणजे जास्त पकडीचं सिमेंटचं अॅडहेसिव्ह. एस-1 म्हणजे चाचणीतली पट्टी न तुटता किमान 2.5 मिमी वाकते, एस-2 म्हणजे किमान 5 मिमी. 60 सेंमीहून मोठ्या टाइलला एस-2 घ्यावं, आणि कोब्याप्रमाणेच टाइलच्या पाठीलाही अॅडहेसिव्ह लावावं. पाठीमागे पोकळी राहिली की तिथे उष्णता अडते आणि कपाटाच्या पायाखाली टाइल फुटते.

या पद्धतीत खर्च कमी, उंची कमी, पण वेळ बराच जातो. सिमेंटचा कोबा घातल्यावर 21 दिवस थांबायचं, मग 3 दिवस 20 ते 25 अंशांचं पाणी, पुढचे 4 दिवस कमाल ठरलेल्या तापमानाचं पाणी फिरवायचं. कोब्याला जी चीर पडायची ती इथेच पडू द्यायची, नंतर ओलावा मोजायचा. कंत्राटदार घाईत हाच टप्पा गाळतात, आणि पहिल्या हिवाळ्यात सरळ रेषेत चार-पाच टाइल्स चिरतात. अशी रेघ दिसली तर ती कोब्याची चीर वर आलेली असते.

मॅट म्हणजे डीकपलिंग मॅट: सुमारे 3 मिमी जाडीची, खाचांची पॉलिएथिलीनची चादर. खालच्या बाजूला तलम कापड असतं, ते पातळ अॅडहेसिव्हमध्ये दाबून बसवतात. वरच्या खाचा अॅडहेसिव्हने पूर्ण भरून लगेच टाइल लावायची. कोबा आडवा सरकला तरी मॅट तो ताण वर जाऊ देत नाही. कोब्यात बारीक, स्थिर चिरा असतील, किंवा तो पुरता वाळायला वेळ नसेल, तर पैसे मॅटवरच घालावेत. उत्पादकाची परवानगी असेल तर नव्या सिमेंटच्या कोब्यावर ती लवकर लावता येते. उंची मात्र 4-5 मिमी वाढते, दाराखाली तेवढी जागा आहे का पाहून घ्या. चिरेच्या दोन बाजू वरखाली झाल्या असतील तर मॅटचाही उपयोग नाही, आधी कोबाच दुरुस्त करावा लागतो.

जिप्समच्या कोब्याला वेगळी काळजी लागते. वरची मऊ साय घासून काढून प्रायमर लावला नाही, तर ओल असताना सिमेंट आणि जिप्सम एकमेकांशी प्रक्रिया करून फुगतात आणि टाइल स्वच्छ पाठीने अख्खी सुटून येते. ही चूक मॅटखालीही तशीच बाधते.

मॅट घातली म्हणून हालचालीचे सांधे, म्हणजे फरशीला पसरायला ठेवलेल्या फटी, गाळू नका. कित्येक जण हीच गल्लत करतात. भिंतीलगत चहूबाजूंनी 8-10 मिमी मोकळा पट्टा, दाराच्या उंबऱ्यात सांधा, आणि 40 चौमी किंवा 8 मीटर लांबीच्या पुढे आणखी एक. कोब्यातला सांधा मॅटमधून आणि टाइल्समधून सरळ वर यायला हवा, ग्राउट न भरता सिलिकॉनने बंद केलेला.

15-20 चौमीची खोली, नीट वाळवून तापवलेला कोबा आणि 60 सेंमीपर्यंतच्या टाइल्स असतील, तर एस-1 पुरे. मॅटचे पैसे वाचवा. मोठा सलग हॉल किंवा जुना, चिरलेला कोबा असेल तर मॅट. दोन्हीत काम संपल्यावर किमान 7 दिवस हीटिंग बंद ठेवा, मग 25 अंशांपासून सुरुवात करून पाणी रोज जास्तीत जास्त 5 अंशांनी वाढवत न्या.