मेगा मेनू प्लगइन, काही महिन्यांच्या वापरानंतर: माझ्याकडे चालतं, गिऱ्हाइकाकडे नाही

साइट चालवायच्या वर्डप्रेस या प्रणालीला मेगा मेनू, म्हणजे अनेक रकान्यांचा मोठा मेनू, जोडणारं हे पैसे भरून घेतलेलं प्लगइन (जोडसाधन) एका पुस्तकविक्रीच्या साइटवर दिवाळी अंकांच्या हंगामाआधीपासून चालू आहे. नाव देत नाही, कारण ही दुखणी या जातीच्या बऱ्याच प्लगइनांत आढळतात. दिसायला देखणं आहे, रकाने माउसने ओढून लावता येतात, जोडाक्षरं कापली जात नाहीत. इथवर तक्रार नाही.

तक्रार मेनू न उघडण्याची, आणि तीही काही जणांचीच. एका गिऱ्हाइकाने आयपॅडवरून कळवलं, ‘अहो, कादंबरीवर बोट ठेवलं की सरळ कादंबऱ्यांचं पान उघडतं, आतली लेखकांची यादी दिसतच नाही.’ माझ्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत. झालं होतं असं की हे प्लगइन फोन की कॉम्प्युटर हे ब्राउझर स्वतःची जी ओळख सांगतो त्यावरून ठरवतं. २०१९च्या आयपॅडओएस १३पासून आयपॅडची सफारी ती ओळख मॅकची म्हणून देते. मग तिला मिळतो माउस वर नेल्यावर उघडणारा मेनू. बोट काही वर तरंगत नाही! सफारी कधी पहिल्या टॅपला माउस आल्यासारखं धरते, कधी सरळ लिंक उघडते.

सेटिंग्जमध्ये ‘क्लिकवर उघडा’ असा पर्याय आहे, पण आतल्या कुठल्याशा टॅबमध्ये दडलेला. तो चालू केला आणि आयपॅडचं प्रकरण मिटलं. टचस्क्रीन लॅपटॉपवाल्यांचीही सोय झाली. हा पर्याय मुळातच चालू का नाही, हे मला कळलेलं नाही.

दुसरं दुखणं जास्त छळणारं. मधूनच कुणाला तरी मोठ्या स्क्रीनवर फोनचा तीन रेघांचा मेनू दिसायचा. कॅशे (तयार पानांच्या साठवलेल्या प्रती) साफ केलं की बरं, संध्याकाळी पुन्हा तेच. प्लगइन फोनसाठी वेगळं एचटीएमएल (पानाचा कोड) सर्व्हरवरच तयार करतं आणि पेज कॅशे पहिल्या आलेल्याची प्रत पुढच्या सगळ्यांना वाढतं. पहिला फोनवाला असला की पुढचे लॅपटॉपवालेही फोनचाच मेनू बघतात. अॅडमिन म्हणून लॉगिन असलेल्याला सहसा कॅशेतलं पान दिलंच जात नाही, त्यामुळे साइटमालकाला हा घोळ कधी दिसत नाही. तपासायचं तर प्रायव्हेट विंडोत, लॉगआउट होऊनच. आमच्याकडे कॅशेत मोबाइलसाठी वेगळी प्रत ठेवायची खूण केली आणि ते थांबलं.

फोनवर पहिला टॅप वाया जातो ही तक्रार मात्र प्लगइनच्या माथी मारता येणार नाही. साइट वेगवान करणारं दुसरं एक साधन जावास्क्रिप्ट, म्हणजे पान हलतं-चालतं करणारा कोड, पहिला स्पर्श होईपर्यंत रोखून धरत होतं. माणूस मेनूवर टॅप करतो, तेव्हा कुठे फाइल यायला लागते. मेनूची फाइल आणि जेक्वेरी (जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी) रोखायच्या यादीतून वगळली. वेगाच्या चाचणीतले गुण थोडे घटले, घटू देत.

जाहिराती रोखणाऱ्या एक्स्टेंशनमुळेही एक रकाना काहींना गायब दिसत होता. त्याच्या क्लासच्या (कोडमधल्या खुणेच्या) नावात ‘बॅनर’ होतं, म्हणून एक्स्टेंशन त्याला जाहिरात समजायचं; ते नाव बदललं.

सपोर्टचं पहिलं उत्तर ठरलेलं: कॅशे साफ करा. दुसरं: बाकीची प्लगइन बंद करून बघा. विक्री चालू असलेल्या साइटवर हे सांगणारा माणूस दुकानात कधी बसला नसावा. उपकरण, ब्राउझर आणि लॉगिन आहे की नाही, हे लिहून पाठवलं तेव्हा कुठे कामाचं उत्तर आलं.

शंभरेक विभाग आणि मेनूत मुखपृष्ठांची चित्रं हवी असतील तर घ्या. दहाबारा लिंकांसाठी नको. जानेवारी २०२२च्या वर्डप्रेस ५.९पासून मेनू बनवायचा नेव्हिगेशन ब्लॉक फुकट मिळतो आणि क्लिकवर उघडायची सोय त्यातही आहे. पाचपैकी साडेतीन.