उच्च सुरक्षेचा इग्निशन स्विच: कुलूप उत्तम, पाठीमागचा भाग सामान्य

स्वतः बांधलेल्या किंवा मुळापासून बदललेल्या मोटारीत इग्निशन स्विचचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि रंगकाम यांच्यावर महिनोन्‌महिने खल चालतो आणि अखेरीस डॅशबोर्डला एक भोक पाडून त्यात मिळेल तो साधा, सपाट किल्लीचा स्विच कसून टाकला जातो. अशा स्विचमध्ये वेफर पद्धतीचे कुलूप असते. त्यातील पातळ पट्ट्या इतक्या नरम असतात की एखादा जाड स्क्रू-ड्रायव्हर आत ठोकून जोराने पिळला, तर कुलूप उघडण्याचे कौशल्यसुद्धा चोराला लागत नाही. याला पर्याय म्हणून विकला जाणारा, डिस्क-डिटेनर पद्धतीचे कुलूप आणि पितळी नळकांडे असलेला एक स्विच मी माझ्या गाडीत बसवून वापरला. हे परीक्षण त्याचे आहे.

कुलूप म्हणून ही वस्तू खरोखर उत्तम आहे. ही रचना एमिल हेन्रिक्सन यांनी १९०७ साली फिनलंडमध्ये शोधून काढली. तिच्यात स्प्रिंगवर उभ्या राहणाऱ्या पिना नसतात, तर एकामागोमाग एक बसवलेल्या चकत्या असतात. किल्लीवरील प्रत्येक काप आपापली चकती ठरावीक कोनातून फिरवतो, सर्व चकत्यांच्या खाचा एका रेषेत आल्या की बाजूचा दांडा त्यांत उतरतो, आणि तेव्हाच नळकांडे वळते. स्प्रिंगच नसल्यामुळे धूळ आणि ओल यांचा या कुलपावर कमी परिणाम होतो, जी गोष्ट उघड्या टपाच्या गाडीत फार मोलाची आहे. साध्या कुलपांवर चालणारी, किल्लीवर हलके ठोके देऊन पिना उडवण्याची युक्ती येथे निरुपयोगी ठरते, कारण उडवण्याजोगे आत काही नसते.

‘उच्च सुरक्षा’ हे शब्द छापलेला प्रत्येक स्विच मात्र या जातीचा नसतो. त्या नावाखाली विकले जाणारे अनेक स्विच गोल, पोकळ नळीच्या किल्लीचे असतात आणि दिसायला ते अधिक भारदस्तही वाटतात. परंतु २००४ साली याच पद्धतीची सायकलची कुलपे साध्या बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीने उघडता येतात हे जगजाहीर झाले होते. सगळीच नळीची कुलपे इतकी कच्ची नसतात हे खरे; तरीही खरेदी करताना किल्लीचा आकार पाहावा आणि दर्शनी भागात भोक पाडण्याचा प्रयत्न रोखणारी कठीण पोलादाची चकती आहे की नाही, हे विचारून घ्यावे.

या स्विचला बंद, ॲक्सेसरी, चालू आणि स्टार्ट अशा चार स्थिती आहेत आणि प्रत्येक स्थितीची खाच हाताला स्पष्ट जाणवते. ही केवळ चैनीची बाब नाही. जनरल मोटर्सने २०१४ साली लाखो गाड्या परत बोलावल्या, त्या नेमक्या याच कारणासाठी: स्विचची खाच ढिली होती, जुडग्याच्या वजनाने किंवा धक्क्याने किल्ली चालू स्थितीतून मागे सरकत असे, इंजिन बंद पडत असे आणि अपघातात एअरबॅग उघडत नसत. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने अशा १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. जो स्विच हातात घेतल्यावर सैल वाटतो तो कितीही सुरक्षित म्हणवत असला तरी परत करावा, आणि चांगल्या स्विचलाही घरभराच्या किल्ल्यांचे जुडगे लटकवू नये. किल्ली केवळ बंद स्थितीतच बाहेर निघते, हेही मला आवडले. ॲक्सेसरीवर किल्ली काढता येणाऱ्या स्विचमुळे रात्रभरात बॅटरी उतरते.

आता पाठीमागच्या भागाकडे वळू, कारण या उत्पादनाची खरी परीक्षा तेथेच होते. कुलपाच्या नळकांड्यावर जेवढे कष्ट घेतलेले दिसतात तेवढे विजेच्या कॉन्टॅक्टवर घेतलेले नाहीत. प्लास्टिकच्या बैठकीतील ही जोडणी कोणत्याही साध्या स्विचमध्ये सापडेल तशीच आहे. स्टार्टरचा सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरला इंजिनशी जोडणारा विद्युतचुंबक, खेचला जाताना क्षणभर ३० ते ४० अँपियर, कधी त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो, आणि पंखा, इंधनपंप व दिवे यांचा भारही याच स्विचमधून नेला तर कॉन्टॅक्ट जळू लागतात. साधा हिशेब पाहा: २० अँपियर वाहत असताना स्विचवर अर्धा व्होल्ट जरी गळाला, तरी १० वॅट उष्णता त्या अंगठ्याएवढ्या प्लास्टिकमध्ये निर्माण होते. म्हणून मी या स्विचमधून केवळ रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे विद्युत स्विच, चालवतो. रिलेच्या कॉइलला साधारण ०.१५ ते ०.२ अँपियर पुरतात. मग स्विचपर्यंत जाणारी वायर बारीक राहते, तिला लहान फ्यूज पुरतो आणि जाड वायर डॅशबोर्डात आणावीच लागत नाही.

रिलेंबरोबर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. अल्टरनेटरच्या उत्तेजनाच्या वायरमधून उलटा येणारा प्रवाह कधी कधी इग्निशनच्या रिलेला धरून ठेवतो आणि किल्ली बंद केल्यावरही इंजिन चालूच राहते. त्या वायरमध्ये योग्य दिशेने एक डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, बसवला की हा प्रश्न मिटतो. दुसरे असे की किल्ली स्टार्टवर असताना ॲक्सेसरी बंद झाली तरी चालेल, पण इग्निशनचे टोक जिवंत राहिलेच पाहिजे, नाहीतर सेल्फ फिरत राहतो आणि इंजिन किल्ली सोडतानाच कसेबसे पेट घेते. या स्विचमध्ये ते टोक जिवंत राहते; मात्र टोकांवरील खुणांवर विसंबून न राहता बसवण्यापूर्वी मल्टिमीटरने प्रत्येक स्थिती तपासणे इष्ट. युरोपीय पद्धतीच्या खुणा असतील तर ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे इग्निशन आणि ५० म्हणजे स्टार्टर. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असल्यास गाडी गिअरमध्ये असताना स्टार्टर चालू न देणारा न्यूट्रलचा सुरक्षा-स्विच स्टार्टर-रिलेच्या कॉइलच्या मार्गातच घ्यावा.

सुरक्षेच्या जाहिरातीशी माझा मतभेद आहे तो येथे. किल्लीच्या तोंडाशी हे कुलूप अभेद्य वाटते, परंतु कॉन्टॅक्टची बैठक मागून दोन स्क्रूंवर बसलेली आहे. डॅशबोर्डाखाली हात घालून ती सुटी केली, तर कुलपाला स्पर्शही न करता स्क्रू-ड्रायव्हरने तिची खाच फिरवता येते. आणि तेही नको असेल तर दोन वायर एकमेकींना जोडल्या की काम झाले. दाराला भक्कम कुलूप आणि मागची खिडकी सताड उघडी, असा हा प्रकार आहे. त्यामुळे मी स्विचच्या पाठीमागे पोलादी पेटी बसवून ती आवळल्यावर डोके तुटून पडणाऱ्या, म्हणजे पान्याने सहज न सुटणाऱ्या बोल्टांनी बंद केली, रिले डॅशबोर्डापासून दूर नेले आणि सर्व वायर एकाच रंगाच्या वापरल्या. त्या एकरंगी वायरिंगचा नकाशा अर्थातच गाडीत ठेवलेला नाही. याखेरीज स्टार्टर-रिलेच्या कॉइलमध्ये एक लपवलेला स्विचही आहे. हा छुपा स्विच इंधनपंपावर किंवा इग्निशनवर घेण्याचा मोह टाळावा, कारण धावत्या गाडीत तो चुकून दाबला गेला वा त्याची जोडणी सुटली, तर इंजिन भर रस्त्यात बंद पडेल.

बसवण्याचे काम अवघड नाही, पण घाईचेही नाही. बॅटरीची ऋण वायर आधी काढावी. स्विचच्या नळकांड्याला दोन बाजू सपाट आहेत, तेव्हा पॅनेलचे भोक पूर्ण गोल न पाडता लहान पाडून कानशीने त्या आकाराचे करावे. गोल भोकात नट कितीही आवळला तरी रोजच्या पिळण्याने संपूर्ण स्विच हळूहळू फिरू लागतो, मागच्या वायर गुंडाळल्या जातात आणि कधीतरी शॉर्ट होतात. पातळ ॲल्युमिनियमच्या पॅनेलला मागून पोलादी पट्टीचा आधार द्यावा. मागची खोली मोजताना स्विचच्या लांबीत टर्मिनल आणि वायरचे वळण धरायला विसरू नये. वायपरची यंत्रणा किंवा हीटरची नळी नेमकी तेथेच आडवी येते.

किल्ल्यांसोबत सांकेतिक क्रमांकाचे कार्ड मिळते आणि ते दाखवल्याखेरीज दुसरी किल्ली करून मिळत नाही. रस्त्यावरचा किल्लीवाला या किल्लीची नक्कल करू शकत नाही, हा फायदाही आहे आणि अडचणही: कार्ड आणि किल्ल्या दोन्ही हरवल्यास नळकांडेच बदलावे लागेल. कार्ड घरी ठेवावे, गाडीच्या कप्प्यात नव्हे.

ज्यांच्या गाडीत मूळ स्टीअरिंग कॉलम आणि त्याचे कुलूप अजून शाबूत आहे, त्यांनी केवळ या स्विचच्या मोहाने ते काढू नये. डॅशबोर्डावरील स्विच, मग तो कितीही महागडा असो, चाके अडवत नाही, आणि न्यूट्रलमध्ये ढकलत नेलेल्या गाडीला इग्निशन लागतच नाही. शिवाय स्टीअरिंगचे कुलूप काढून टाकणे नियमांत बसते की नाही, हे नोंदणीच्या वेळी कळण्यापेक्षा आधी विचारलेले बरे. ज्यांनी कुलूप नसलेला कॉलम आधीच बसवला आहे आणि ज्यांची वायरिंग अद्याप उघडी आहे, त्यांनी हा स्विच जरूर घ्यावा. मात्र रिले, पोलादी पेटी आणि स्टीअरिंगला बाहेरून लावायचे कुलूप यांचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा.