क्विअर प्रेमाच्या तीन कादंबऱ्या: आधी कोणती घ्याल?

विज्ञानकथा किंवा फँटसीत क्विअर, म्हणजे समलिंगी किंवा स्त्री-पुरुष या चौकटीबाहेरचं, नातं वाचायचंय असं कुणी म्हटलं, की मी तीन कादंबऱ्या सुचवते. अर्सुला ले ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९), अमल एल-मोहतार आणि मॅक्स ग्लॅडस्टोन यांची 'धिस इज हाऊ यू लूज द टाइम वॉर' (२०१९) आणि ताशा सुरी यांची 'द जॅस्मिन थ्रोन' (२०२१). मोठे पुरस्कार तिघींनाही मिळालेत, तेव्हा ते पाहून निवड होणार नाही. त्यापेक्षा प्रत्येक कथेत प्रेमात पडणाऱ्या दोघांच्या आड नेमकं काय येतं, ते पाहा.

'टाइम वॉर'मध्ये रेड आणि ब्लू या शत्रुपक्षांच्या हेर आहेत. इतिहासाचे धागे आपापल्या बाजूला वळवत त्या काळातून हिंडतात आणि एकमेकींना पत्रं लिहितात. एक पत्र तर झाडाच्या खोडातल्या वलयांत दडवलेलं असतं. सापडल्या तर मरण ठरलेलं. पण दोघी बायका आहेत यावर कुणी चकार शब्द काढत नाही. ज्यांना घरीदारी स्वतःचं प्रेम समजावून सांगावं लागलंय, त्यांना हे वाचताना किती मोकळं वाटतं! पुस्तक दोनेकशे पानांचं असलं, तरी इंग्रजी काव्यमय आणि दाट आहे. कथानक चटकन हाती लागायला हवं असेल, तर आधी हे घेऊ नका.

ले ग्विन यांची कादंबरी माझ्या मते तिघींत सर्वांत थोर. गेथेन या बर्फाळ ग्रहावरची माणसं एरवी स्त्रीही नसतात, पुरुषही नसतात. महिन्यातले मोजके दिवस त्यांना कुठलं तरी एक लिंग येतं. अनेक ग्रहांच्या संघाचा दूत म्हणून तिथे आलेला पृथ्वीवरचा गेन्ली आय याला एस्ट्रावेन या तिथल्या मुत्सद्द्यावर विश्वास टाकता येत नाही, कारण समोरच्याला पुरुष म्हणावं की बाई हेच त्याला उमगत नाही. इथे अडसर त्याच्या स्वतःच्या नजरेत आहे. हिमनदीवरच्या लांबलचक प्रवासात, एकाच तंबूत राहून तो अडसर वितळतो, आणि ती पानं विसरता येत नाहीत. पण पूर्वार्ध संथ आहे आणि प्रेमाचा उच्चार उशिरा, जेमतेम होतो. गेथेनच्या लोकांना आपण विनाकारण भिन्नलिंगी जोड्यांत अडकवलं, हे ले ग्विन यांनी पुढे स्वतःच लिहून मान्य केलं. पुस्तकात स्वतःला शोधायला निघालेल्या वाचकाला ही उणीव टोचेल.

'जॅस्मिन थ्रोन'बद्दल मला सर्वांत जास्त सांगायचंय. चितेवर जायला नकार दिला म्हणून सम्राट असलेल्या भावाने मालिनीला हिरण या जुन्या, भग्न मंदिरात कोंडलंय. तिथे कामाला येणारी प्रिया वरकरणी मोलकरीण. तिच्या भूतकाळात त्याच मंदिराची शक्ती दडलीय. मालिनीला सुटका हवी आहे, आणि प्रियाची भूमी मालिनीच्याच घराण्याच्या साम्राज्याखाली भरडली जातेय. म्हणजे ओढ खरी असली तरी दोघी एकमेकींना वापरतही आहेत. राजकन्या आणि मोलकरीण यांच्यातली दरी लेखिका प्रेमाच्या नावाखाली झाकत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. राग, महत्त्वाकांक्षा, कपट हे सगळं बायकांच्या वाट्याला येतं आणि तरीही त्या प्रेमाला पात्र राहतात. शिवाय नावं, देवळं, अग्नीभोवतीचं पावित्र्याचं राजकारण आपल्याला कुणी समजावून द्यावं लागत नाही.

म्हणून पहिलंच पुस्तक असेल तर मी हेच हातात देईन. सुरुवातीलाच बायकांना जिवंत जाळण्याचा प्रसंग आहे. तो झेपणार नसेल तर सरळ 'टाइम वॉर' घ्या. ले ग्विन सवडीने, पावसाळ्यात. आणि 'जॅस्मिन थ्रोन' पाचशेहून अधिक पानांचा, तीन भागांतला पहिला खंड आहे. शेवटचा २०२४मध्ये आला, त्यामुळे पुढच्या भागासाठी ताटकळावं लागणार नाही.