साहसी मॅप करायचाय: जावा, बेडरॉक की लुआंटी?

साहसी मॅप म्हणजे माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळात आपण बांधलेलं जग, ज्यात दुसरे खेळाडू आपली गोष्ट खेळतात. तुमचा मॅप कोण खेळणार आणि कशावर, हे आधी ठरवा. पाच मित्रांसाठी करताय आणि त्यातल्या चौघांकडे फक्त मोबाइल असेल, तर निम्मा प्रश्न इथेच सुटतो: बेडरॉक घ्या. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती विंडोज, मॅक आणि लिनक्सवरच चालते. मोबाइल, टॅबलेट, एक्सबॉक्स, प्लेस्टेशन, स्विच यांवर चालते ती बेडरॉक. नाव एकच, दिसायलाही सारख्याच, पण एकीत केलेला मॅप दुसरीत जसाच्या तसा उघडत नाही. विंडोजवर जून 2022 पासून दोन्ही एकत्रच मिळतात, त्यामुळे कॉम्प्युटर असेल तर दोन्ही हाताळून बघता येतात. मोबाइलवरची मात्र वेगळी विकत घ्यावी लागते.

मी दोन्हीकडे मॅप केलेत आणि दोन्हींवर माझा जीव आहे. तरी कोणी विचारलं तर मी सगळ्यांना एकच उत्तर देत नाही. का ते सांगतो.

सुरुवातीच्या काळात साहसी मॅपसोबत एक पुस्तक मिळायचं: भिंती फोडू नका, मशाली काढू नका, अमुक दारातूनच जा. नियम पाळणं खेळाडूच्या प्रामाणिकपणावर होतं. 2012 साली जावात ॲडव्हेंचर मोड आला (यात खेळाडूला मनाला येईल ते फोडता येत नाही), त्याच वर्षी 1.4 या आवृत्तीत कमांड ब्लॉक, म्हणजे आत लिहिलेली कमांड (खेळाला दिलेला हुकूम) चालवणारे ठोकळे आले, आणि नियम सांगायचं काम मॅपच करू लागला. 2016 च्या 1.9 मध्ये नारिंगी कमांड ब्लॉकच्या जोडीला जांभळा आणि हिरवा आला: नारिंगी एकदा चालतो, जांभळा दर टिकला म्हणजे सेकंदाला 20 वेळा, आणि हिरवा आधीच्याच्या पाठोपाठ. हे तीन रंग आज बेडरॉकमध्येही आहेत. इथपर्यंत दोघी बहिणी. पुढे वाटा वेगळ्या होतात.

एकच दार, दोन्हीकडे

फरक समजायला एक छोटी जागा दोन्हीकडे बांधून बघू. आपल्या गडांचे गोमुखी दरवाजे तुम्ही पाहिले असतील. दोन बुरुजांच्या मधून वळसा घेऊन आत गेल्याशिवाय दार दिसतच नाही. साहसी मॅपच्या सुरुवातीला याहून चांगली रचना मला माहीत नाही. खेळाडू पायवाटेने चढून येतो, डावीकडे बुरुज, उजवीकडे बुरुज, सूर्य मावळतीला थांबवलेला. वळला की एकदम समोर दार, आणि दाराशी पहारेकरी. परवाना दाखवला तरच दार उघडेल.

जावात पहारेकरी म्हणजे एक गावकरी, त्याची हालचाल बंद केलेली. परवाना म्हणजे साधा कागद, पण त्यावर तुमची स्वतःची खूण लावलेली. 1.20.5 पासून खेळाडूच्या हातात नेमका तोच खुणेचा कागद आहे का, हे ‘एक्झिक्यूट इफ आयटम्स’ या कमांडने थेट तपासता येतं, दुसरा कुठलाही कागद आणला तरी चालत नाही. दाराच्या फळ्या ब्लॉक डिस्प्लेच्या, म्हणजे नुसत्या दिसणाऱ्या आणि हव्या तशा फिरवता येणाऱ्या ठोकळ्यांच्या करायच्या. 2023 च्या 1.19.4 मध्ये आलेली ही चीज मॅप करणाऱ्यांसाठी वरदान आहे. फळी कुठून कुठे आणि किती टिकमध्ये जायची एवढं सांगायचं, मधली हालचाल खेळ स्वतः भरून काढतो. दार खरोखर बिजागरीवर फिरल्यासारखं उघडतं. एक मात्र लक्षात ठेवा: डिस्प्लेला अंग नसतं, खेळाडू त्यातून आरपार जातो. म्हणून फळ्यांच्या मागे न दिसणारे बॅरिअर ब्लॉक उभे करायचे आणि दार पुरतं उघडल्यावर ‘फिल’ कमांडने काढून टाकायचे. दाराला 40 टिक लागत असतील तर ‘शेड्यूल’ कमांडने तितकंच थांबायचं. आधी काढले तर खेळाडू बंद दारातून आत शिरतो आणि सगळी गंमत तिथेच संपते.

बेडरॉकमध्ये हेच दार मी निम्म्या वेळात केलं. पहारेकऱ्यासाठी एनपीसी नावाचं पात्र तयारच असतं. त्याला नाव द्या, कपडे निवडा, बोलणं लिहा, खाली बटणं लावा, बटणाला कमांड जोडा. खेळाडूने त्याच्यावर टॅप केलं की संवादाची चौकट उघडते. दारासाठी दोन रूपं स्ट्रक्चर ब्लॉकने साठवायची, मिटलेलं आणि उघडलेलं. ‘स्ट्रक्चर लोड’ला इथे एक सोय आहे जी जावात नाही: साठवलेली रचना एकेक ब्लॉक किंवा एकेक थर करत, तुम्ही सांगाल तेवढ्या सेकंदांत मांडता येते. दार फिरत नाही, थराथराने उलगडतं, आणि जुन्या लाकडी दाराला ते शोभूनही दिसतं.

अडतं ते परवान्यापाशी. बेडरॉकची ‘हॅजआयटम’ तपासणी वस्तू कोणती, किती आणि कुठल्या खणात एवढंच बघते. कागदाला तुम्ही दिलेलं नाव तिला दिसत नाही. म्हणून परवान्यासाठी अशी वस्तू निवडायची जी अख्ख्या मॅपमध्ये दुसरीकडे मिळणारच नाही, नाहीतर सरळ ॲडऑन, म्हणजे खेळात नव्या गोष्टी घालणारा जोडसंच करून स्वतःची नवी वस्तू घडवायची.

आणि इथेच बेडरॉकची खरी ताकद कळते. ॲडऑनमध्ये तुमचे स्वतःचे ब्लॉक, स्वतःच्या वस्तू आणि स्वतःचे प्राणी करता येतात. ब्लॉकबेंच नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये आकार घडवा, हालचाली द्या, आणि तो प्राणी मॅपमध्ये खरोखरचा मॉब, म्हणजे खेळातला चालता-फिरता जीव म्हणून वावरतो. जावात मोडशिवाय (खेळाचा कोडच बदलणाऱ्या जोडणीशिवाय) नवा मॉब येत नाही. असलेल्याच मॉबला अदृश्य करून त्याच्यावर आयटम डिस्प्लेचा सांगाडा चढवावा लागतो. तो फार देखणा होऊ शकतो, पण मेहनत कित्येक पट. कॅमेऱ्याचंही तेच. बेडरॉकच्या ‘कॅमेरा’ कमांडने नजर गडावरून हळूच खाली उतरवता येते, पडदा काळा करता येतो. जावात त्यासाठी खेळाडूला स्पेक्टेटर, म्हणजे नुसता बघणारा करून एखाद्या हलत्या डिस्प्लेच्या डोळ्यांत बसवावं लागतं.

मग जावा कशाला? डेटापॅकसाठी. 2018 च्या 1.13 पासून मॅपचं सगळं डोकं साध्या मजकुराच्या फायलींत ठेवता येतं. तीनशे कमांड ब्लॉकची भिंत उभी करून त्यात चूक शोधत फिरण्यापेक्षा एक फाइल उघडायची, ओळ बदलायची, ‘रीलोड’ म्हणायचं. कमांडची यादी असलेल्या अशा फाइलला फंक्शन म्हणतात. बेडरॉकमध्येही फंक्शन आहेत, पण जावात त्यांच्या जोडीला ॲडव्हान्समेंट, म्हणजे खेळाडूने अमुक केलं हे ओळखणाऱ्या नोंदी आहेत, आणि माझ्या मते जावा निवडायला ते एकच कारण पुरेसं आहे. खेळाडू ठरलेल्या जागी पोचला, त्याने विशिष्ट वस्तू खाल्ली, अमुक मॉबला मारलं, की लगेच तुमचं फंक्शन चालतं. दर टिकला ‘झालं का, झालं का’ विचारत बसायला नको. बेडरॉकमध्ये हे करायला स्क्रिप्टिंगकडे, म्हणजे जावास्क्रिप्टकडे वळावं लागतं. कोडिंग येत असेल तर ते डेटापॅकहून मोकळं आणि वेगवान आहे. येत नसेल तर जावाच्या कमांड शिकणं सोपं जातं, कारण त्या एकेक करत शिकता येतात आणि प्रत्येकीचा परिणाम लगेच डोळ्यांसमोर दिसतो.

मॅप दोन वर्षांनी चालेल का?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात आणि नंतर हळहळतात. जावाच्या कमांड बदलत राहतात. 1.20.5 मध्ये वस्तूंची माहिती लिहायची पद्धतच बदलली, आणि वस्तू देणाऱ्या, अशी माहिती लिहिलेल्या जुन्या ‘गिव्ह’ कमांड चालेनाशा झाल्या. 1.21 मध्ये डेटापॅकमधल्या फोल्डरचं ‘फंक्शन्स’ हे नाव ‘फंक्शन’ झालं. एका अक्षराचा फरक, पण फोल्डर जुन्या नावाचं राहिलं तर एकही फंक्शन चालत नाही. पण जावाच्या लाँचरमध्ये कुठलीही जुनी आवृत्ती निवडून खेळता येते. मॅपसोबत ‘1.21.4 वरच खेळा’ एवढं लिहा, काम झालं.

मोबाइलवर ते शक्य नाही. स्टोअर खेळ नवा करतं आणि खेळाडूकडे नवीच आवृत्ती असते. त्याची भरपाई म्हणून बेडरॉक जुन्या कमांडना बरंच सांभाळून घेतं: 1.19.50 मध्ये ‘एक्झिक्यूट’ची मांडणी बदलली तेव्हा आधीच बसवलेले कमांड ब्लॉक जुन्या पद्धतीने चालत राहिले. साध्या कमांडचा मॅप बेडरॉकवर बरीच वर्षं टिकतो. ‘प्रायोगिक’ म्हणून दिलेली बटणं चालू करून केलेल्या मॅपची मात्र खात्री नाही. त्यांना हात न लावलेला बरा.

पोचवायच्या बाबतीत बेडरॉक सरळ जिंकतं. मॅप, ॲडऑन, चित्रं, आवाज सगळं एका एमसीवर्ल्ड फायलीत जातं. समोरच्याने फाइल उघडली की झालं. जावात झिप उलगडून सेव्हज फोल्डरमध्ये टाकायला शिकवावं लागतं, आणि मॅप सर्व्हरवर चढवायचा असेल तर तिथे कमांड ब्लॉक चालू आहेत ना ते आधी बघावं लागतं. मॅप विकायचा विचार असेल तर 2017 पासून बेडरॉकला मार्केटप्लेस आहे, पण तिथे भागीदार म्हणून अर्ज मंजूर व्हावा लागतो. पहिल्या मॅपला तो विचार नको.

मराठीत मॅप

गोष्ट मराठीत सांगायची असेल तर बांधकामाला हात घालण्याआधी एक चाचणी करा. एका पाटीवर ‘किल्ल्याच्या पश्चिमेकडील दिंडी’ असं लिहा आणि ज्या उपकरणावर मॅप खेळला जाणार आहे तिथे ती उघडून बघा. ऱ्हस्व वेलांटी जागेवर आहे का, जोडाक्षरं जुळली आहेत का? नसतील तर मजकूर चित्र म्हणून द्या. जावात 1.21 पासून डेटापॅकमधून आपल्या मापाची नवी पेंटिंग करता येतात, त्यामुळे शिलालेखासारखा अख्खा फलक भिंतीवर लावता येतो. बेडरॉकमध्ये स्वतःचा ब्लॉक करून त्याच्यावर अक्षरं छापायची.

पण मला सगळ्यात आवडतो तो उपाय आवाजाचा आहे, आणि तो दोन्हीकडे सारखाच चालतो. आवाजाची ऑग फाइल रिसोर्स पॅकमध्ये (मॅपच्या चित्रं-आवाजांच्या गठ्ठ्यात) ठेवायची आणि ‘प्लेसाउंड’ने वाजवायची. माझ्या एका मॅपमधली म्हातारी माझ्या आजीच्या आवाजात ‘आलास होय रे? पाय धू आधी’ म्हणते. खेळणारी मुलं तिथे पुन्हा पुन्हा परत जातात. तिथे बक्षीस काहीच ठेवलेलं नाही.

लुआंटीबद्दल थोडं

विकत घेणं शक्य नसेल, किंवा शाळेतल्या जुन्या लिनक्स कॉम्प्युटरांवर चालवायचं असेल, तर लुआंटी हा माइनक्राफ्टसारखाच ठोकळ्यांचा वेगळा खेळ बघा. पूर्वी त्याचं नाव माइनटेस्ट होतं, 2024 मध्ये बदललं. पूर्ण मोफत, मुक्त स्रोत, मोबाइलवर अँड्रॉइडमध्येही चालतं. इथे कमांडऐवजी लुआ भाषेत थेट मोड लिहायचे. शिकणाऱ्याला हे आधी जड जातं, पण एक सुख मोठं आहे: मोड सर्व्हरवर चालतात आणि चित्रं-आवाज खेळाडूकडे आपोआप उतरतात, त्यामुळे तीस मुलांच्या तीस मशीनवर मोड बसवत फिरावं लागत नाही. मात्र माइनक्राफ्टचा मॅप म्हणून खेळायला आलेल्या मुलांना हे वेगळं वाटतं, आणि तयार मॅपची परंपराही जावाइतकी दाट नाही.

तर निवडायचं कसं? खेळणारे मोबाइलवर असतील, किंवा तुमच्या डोक्यात एखादा नवाच प्राणी घोळत असेल, तर बेडरॉक. कोडी, सापळे, एकातून एक उलगडणारी यंत्रणा हा तुमचा जीव असेल आणि खेळणाऱ्यांकडे कॉम्प्युटर असेल, तर जावा. शिक्षक असाल आणि हाताशी पैसे नसतील तर लुआंटी. अजून ठरत नसेल तर मी जावाकडे झुकेन, कारण तिथून परत फिरणं सोपं आहे: चंकर नावाच्या मोफत साधनाने जावाचं जग बेडरॉकमध्ये नेता येतं. बुरुज, तटबंदी, पायऱ्या बहुतेक सगळं नीट पोचतं. कमांड मात्र पुन्हा लिहाव्या लागतात. म्हणून सुरुवातीपासून एक वही ठेवा आणि प्रत्येक दार कशाने उघडतं ते साध्या मराठीत लिहून काढा. ‘खेळाडू पहारेकऱ्यापासून तीन ब्लॉकच्या आत, हातात परवाना, दार बंद असेल तर उघड, परवाना काढून घे.’ मी असं लिहिलं होतं म्हणून मॅपमधली बारा दारं एका सुट्टीत बेडरॉकमध्ये नेता आली. तेराव्याचं लिहायचं राहिलं होतं. ते कसं उघडायचं हे शोधायला जावातला मॅप मला पुन्हा पहिल्यापासून खेळावा लागला.