गिअर घसरणारी जुनी ऑटोमॅटिक: दुरुस्तीनंतरचे आठ महिने

गाडी २००१ ची, चार गिअरची ऑटोमॅटिक सेदान. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा क्लचपासून सुटका म्हणून सेकंडहँड घेतली होती. गेल्या वर्षी निपाणीहून बेळगावला येताना वंटमुरीच्या चढाला पहिल्यांदा तो प्रकार झाला. ॲक्सिलरेटर दाबला, आरपीएमचा काटा अडीच हजारावरून थेट चारला, इंजिन बोंबलतंय आणि गाडी मात्र आहे त्याच वेगात. दोनेक सेकंदांनी धक्का देऊन तिसरा गिअर लागला. थंड गाडीत काहीच नाही. चाळीस-पन्नास किलोमीटर पळून तेल तापलं की सुरू.

एका गॅरेजात गाडीत न बसताच निकाल लागला: गिअरबॉक्स गेला, पाऊण लाख. दुसऱ्यानं जुना बॉक्स आणून बसवतो म्हटलं, पंचेचाळीस हजार, गॅरंटी नाही. स्कॅनर लावून बघा म्हटलं तर तो गाडीशी बोलेचना. आपल्याकडे ओबीडी (बिघाड स्वतःच नोंदवणारी, स्कॅनरनं वाचता येणारी यंत्रणा) सक्तीचं झालं २०१० नंतर, ही त्याच्या कितीतरी आधीची.

मग स्वतःच सुरुवात केली, तेलाच्या पट्टीपासून. माझ्या गाडीत एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) बघायचं ते गाडी सपाट जागी, तेल गरम आणि इंजिन चालू असताना. ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या खाचांतून सावकाश फिरवायचा, परत पी (पार्किंग) मध्ये आणायचा आणि मग पट्टी काढायची. (काही कंपन्यांच्या गाडीत इंजिन बंद करून बघतात, आपलं मॅन्युअल बघून घ्या.) तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं. पांढऱ्या कापडावर टिपलं तर लाल जाऊन तपकिरी झालेलं, पण जळका वास नव्हता. हा वास फार महत्त्वाचा. करपल्यासारखा आला असता तर बॉक्सच्या आतल्या क्लचप्लेटा जळल्या (ऑटोमॅटिकला क्लचचं पेडल नसलं तरी आत प्लेटा असतातच) असं समजून मी गप पैसे मोजले असते. अर्धा लिटर घातलं, घसरणं कमी झालं, थांबलं नाही.

आमच्या गल्लीतले एक मामा उद्यमबागेत तीस वर्षं हायड्रॉलिक पंपांच्या टेस्टिंगला होते. गाडीतलं त्यांना फारसं कळत नाही, तेच सांगतात. पण माझं रडगाणं ऐकून म्हणाले, "क्लचप्लेटा दाबून धरतंय कोण? तेलच की ओ. मग प्रेशर न बघता बॉक्स कशाला खोलूलालाय?" दोन्ही गॅरेजांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

रविवारी ते पिशवीतून गेज घेऊन आले. ग्लिसरीन भरलेली तबकडी, दीड मीटर होज आणि आटे जुळावेत म्हणून लेथवर करून आणलेला पितळी निपल. गिअरबॉक्सच्या अंगावर प्रेशर बघायचा एक प्लग असतो. तो काढून निपल बसवला आणि होज खिडकीतून आत घेतला. चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला, डावा पाय ब्रेकवर. गाडी आधी तापवून आणली होती. डी (ड्राइव्ह) मध्ये आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो. मॅन्युअलप्रमाणे चारच्या आसपास हवं, म्हणजे फार वाईट नाही. मग स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक तसाच धरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. ही पाच सेकंदांच्या वर करू नका, सगळी ताकद तेल तापवण्यातच जाते. नऊच्या वर जायला हवा तो काटा सहाला येऊन थरथरत थांबला. मामा नुसतं "हं" म्हणाले.

जोर लावताना प्रेशर वाढत नाही याचा अर्थ लावायला मला संध्याकाळ लागली. या जुन्या बॉक्समध्ये इंजिनाच्या थ्रॉटलपासून व्हॉल्व्ह बॉडीपर्यंत (तेलाचं प्रेशर सांभाळणारा बॉक्समधला भाग) एक केबल जाते. पेडल जेवढं दाबाल तेवढी ती ओढली जाते आणि बॉक्स प्रेशर वाढवतो. पेडल तळाला असताना केबलच्या रबरी टोपीचं टोक आणि वायरवरचा छोटा मणी यांत शून्य ते एक मिलिमीटर अंतर हवं. माझ्याकडे चांगले पाच-सहा मिलिमीटर! आधी कुणीतरी ॲक्सिलरेटरची केबल बदलताना शेजारचे हे नटही सैल करून ठेवले असणार. दोन बारा नंबरचे पाने, दहा मिनिटांचं काम.

त्यासोबत बॉक्सच्या खालचा तेलाचा पॅनही उतरवला. तेल गाळायची जाळी काळ्या गाळानं अर्धी बुजलेली. चुंबकांवर करड्या रंगाची मऊ पेस्ट होती, बोटाला काजळासारखी लागणारी. ती चालते. लोखंडाचे कपचे निघाले असते तर गोष्ट वेगळी होती. नवी जाळी, नवं गॅस्केट, नवं एटीएफ. एका वेळी अडीच-तीन लिटरच निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि बॉक्स तेलानं जोडणारा भाग) राहतं, म्हणून पाचशे-पाचशे किलोमीटरनी अजून दोनदा बदललं. मशीन लावून फ्लशिंग करून देतो असंही एकजण म्हणत होता, मी नको म्हटलं. एवढ्या जुन्या बॉक्समधला बसलेला गाळ जोरानं हलवून व्हॉल्व्ह बॉडीत अडकवून घ्यायचा धोका कोण घेणार? सगळा खर्च साडेसहा हजार, आणि मामांना पाव किलो कुंदा. पैशाचं नाव काढू देईनात.

आता आठ महिने, सात हजार किलोमीटर. वंटमुरी आणि तवंदी घाट दर आठवड्याला होतात, एकदाही घसरली नाही. परत मोजलं तेव्हा स्टॉलला साडेनऊ किलो होते. गिअर आता आधीपेक्षा थोडे उशिरा आणि घट्ट पडतात, बायकोला ते आवडत नाही.

सगळं नव्यासारखं झालं असं नाही. मे महिन्यात चौघं आणि सामान घेऊन जांबोटी-कणकुंबीवरून गोव्याला गेलो. परतीला चोर्ल्याच्या चढावर तिसऱ्या-चौथ्याची फुगडी सुरू झाली आणि एकदा काटा किंचित उडाला. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथा गिअर, बटणानं बंद केल्यावर नीट चढली. घाटात ते बटण आधीच दाबायला हवं होतं, चूक माझी. पण इतके दिवस कमी प्रेशरवर चाललेल्या प्लेटा थोड्या झिजल्याच असणार. थंडीत सकाळी आर (रिव्हर्स) टाकल्यावर सेकंदभर थांबूनच गाडी हलते, तेही तसंच आहे.

तेल कमी का झालं होतं ते मात्र परवा कळलं. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवतो, त्यावर रुपयाएवढा लाल डाग पडला होता. उजव्या ड्राइव्ह शाफ्टचं सील. सील आणून ठेवलंय, रविवारी मामा येतो म्हणालेत.