विंडोज ११, उबुंटू का मिंट: आपलं म्हणणं ऐकते कोण?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला तेव्हापासून सेतूवाला असो, कृषी केंद्रवाला असो का पोरीला कॉलेजच्या कामाला कॉम्प्युटर पाहिजे असलेला बाप असो, सगळे एकच विचारून रायले, जुन्या डब्ब्यात आता टाकावं काय, विंडोज ११ का लिनक्सवरच्या उबुंटू-मिंट ह्या फुकटच्या सिस्टीम. फिचर मोजून दाखवणारे लय आहेत, मी जरा दुसऱ्या बाजूनं बघतो. सिस्टीम एकदा टाकली का पाच-सात वर्षं आपण ती बदलत नाही, मंग तिच्यात जे खुपते ते पुढं कधी दुरुस्त होईल का नाही, हे आधीच्या लोकांनी सुचवलेल्या गोष्टींचं काय झालं त्यावरून चांगलं कळते.

आधी मशीनचं उरकून घेऊ. तालुक्याच्या गावात दिसणारे बरेच डेस्कटॉप म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीवरून आणलेले सेकंडहँड, आय३ चौथी जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) अन् सिक्युअर बूट (चालू होतानाची सुरक्षा तपासणी) लागते, इंटेल असंल तं प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनचा किंवा त्याच्या पुढचा लागते, म्हणजे हा डब्बा दारातच थांबला. ही अट सैल करा म्हणून २०२१ पासून जगभर ओरड झाली, कंपनी काही हलली नाही. जुगाड करून टाकणारे टाकतात, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. विंडोज १० वरच थांबाचं असंल तं घरगुती मशीनला जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागते अन् सेटिंगचा बॅकअप चालू केला तं पैसे लागत नाही. उबुंटूची २४.०४ आवृत्ती कागदावर ४ जीबी रॅम मागते, मिंट किमान २ जीबी अन् ४ असली तं बरं असं म्हणते. माझं म्हणाल तं मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्या अन् काहीही टाका पण हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, अर्धी तक्रार तिथंच संपते.

आता ऐकण्याचं. विंडोजमध्ये फीडबॅक हब नावाचं ॲप असते, विंडोजचं बटण दाबून एफ दाबलं का उघडते, तक्रार लिहा, सूचना लिहा, दुसऱ्यांनी लिहिलेल्याला मत द्या. सोय चांगली आहे, पण इतिहास बघा. २००९ मध्ये विंडोज ७ आलं तेव्हा कंपनीची जाहिरातच अशी होती का ही सिस्टीम ग्राहकांच्या कल्पनेतून झाली, अन् त्याच कंपनीनं २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्ट बटणच काढून टाकलं! लोकांनी बोंब मारली, मंग २०१३ मध्ये ८.१ मध्ये नुसतं बटण आलं, मेनू नाहीच, खरा स्टार्ट मेनू यायला जुलै २०१५ चं विंडोज १० उजाडलं. विंडोज ११ मध्ये पुन्हा तेच, टास्कबारवरच्या खिडक्या वेगवेगळ्या नावासकट दिसायची सोय काढली ती २०२३ मध्ये परत दिली, फाइल ओढून टास्कबारवर न्यायची सोय काढली ती २०२२ मध्ये परत दिली. म्हणजे कंपनी ऐकते, ऐकत नाही असं नाही, पण आधी काढून घेते, मंग परत देते अन् त्याला नवीन फिचर म्हणते.

त्याहून मोठी गोष्ट ऑक्टोबर २०१८ ची आहे अन् ती नीट समजून घ्या, कारण ती आपल्यासारख्यांना लागू होते. त्या महिन्याचं विंडोज १० चं मोठं अपडेट सुटलं अन् काही लोकांच्या डॉक्युमेंट फोल्डरमधल्या फाइली गायब झाल्या, कंपनीला ते अपडेट थोड्याच दिवसात थांबवावं लागलं. नंतर कळलं का आधीच टेस्ट करणाऱ्यांपैकी काहींनी फाइली उडाल्याचं फीडबॅक हबमध्ये लिहून ठेवलं होतं, पण त्याला मतं कमी होती म्हणून ते वर आलंच नाही. पुढं मंग कंपनीनं तक्रार किती गंभीर आहे हे सांगायची सोय त्यात टाकली. आता विचार करा बावा, फाइल उडाली ही तक्रार मतं नाही म्हणून दबते, तं मराठी टायपिंगमध्ये अमुक जोडाक्षर नीट पडत नाही किंवा लाइन गेल्यावर अपडेट अडकते ह्या तक्रारीला मतं कोण देणार? अमेरिकेतला माणूस देणार का? तो तं डार्क मोड मागून रायला.

तरी एक कबूल करावं लागते, २०१९ च्या विंडोज १० मध्ये मराठीसकट १० भारतीय भाषांचे फोनेटिक कीबोर्ड आले, अन् ते चांगले आहेत, रोमन बटणं दाबून मराठी लिहिणाऱ्या पोरापोरींना वेगळं काही टाकावं लागत नाही. त्याच वर्षी होम आवृत्तीवाल्यालाही अपडेट थांबवता येऊ लागले, एका वेळी ७ दिवस, जास्तीत जास्त ३५. ही तं लय जुनी मागणी होती, कारण आधी भर कामात मशीन रिस्टार्ट होऊन बसायची.

उबुंटूची कथा वेगळीच. २००७ मध्ये डेल कंपनीनं आयडियास्टॉर्म नावाची जागा काढली, कोणीही सुचवा, बाकीचे मत देतील, अन् लोकांनी लिनक्स टाकलेले कॉम्प्युटर विका म्हणून एवढी मतं टाकली का त्याच वर्षी मे महिन्यात डेलनं उबुंटूवाले मशीन विकायला काढले. ते पाहून उबुंटूनंही फेब्रुवारी २००८ मध्ये स्वतःचं ब्रेनस्टॉर्म सुरू केलं. सुरुवात जोरात. पण २०१० मध्ये खिडकी बंद करायची बटणं उजवीकडून उचलून डावीकडे नेली, लोक भडकले, तेव्हा उबुंटूचे मुख्य मार्क शटलवर्थ यांनी स्पष्ट सांगून टाकलं का ही लोकशाही नाही, डिझाइनचे निर्णय आम्ही मतदानानं घेत नाही. माणूस खरं बोलला हे मान्य करतो मी, निदान ग्रामसभेसारखं आधी सगळ्यांच्या सह्या घेऊन मंग ठराव आपल्या मनानं लिहिला असं तं नाही केलं. ब्रेनस्टॉर्म २०१३ मध्ये बंद झालं, अन् ती बटणं उजवीकडे यायला २०१७ उजाडलं, तेही उबुंटूनं आपला युनिटी नावाचा डेस्कटॉप (मेनू, पट्टी, खिडक्या दाखवणारा भाग) सोडून ग्नोम नावाचा दुसरा घेतला म्हणून.

आजचं उबुंटूचं दुखणं म्हणजे स्नॅप, ॲप बसवायची तिची पद्धत. ह्या पद्धतीनं आलेले ॲप स्वतःहूनच अपडेट होत राहतात, दिवसातून चार वेळा तपासणी, ज्याच्याकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचा रोजचा डेटा ठरलेला आहे त्याच्या पोटात गोळा येते. थांबवायची सोय द्या म्हणून वर्षानुवर्षं मागणी झाली, कायमचं थांबवता येईल अशी सोय २०२२ च्या शेवटी आली, अन् तीही टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, कमांड मारून.

मिंट मुळात उबुंटूवरच उभी आहे, पण लोकांची चिडचिड हेच तिचं भांडवल. २०११ मध्ये ग्नोम ३ आलं अन् जुना मेनू, खालची पट्टी सगळं गेलं, लोकांना आवडलं नाही, मिंटवाल्यांनी ते लोकांच्या माथी मारण्यापेक्षा सिनॅमन नावाचा स्वतःचा डेस्कटॉप लिहून काढला, विंडोज ७ वरून आलेल्या माणसाला त्यात वेगळं शिकावंच लागत नाही. जून २०२० च्या मिंट २० मध्ये स्नॅप बंद करून ठेवलं, कोणाला पाहिजेच असंल तं चालू करता येते. अपडेटचं म्हणाल तं कोपऱ्यात ढालीचं चिन्ह येते, तुम्ही दाबलं तरच अपडेट होते, रिस्टार्ट कधी करायचं ते तुम्ही ठरवा. सध्याची २२ ची मालिका एप्रिल २०२९ पर्यंत चालते. कमी काय आहे तं टीम लहान आहे, अगदी नव्या लॅपटॉपवर कधीकधी वायफाय किंवा आवाज अडते, अन् तेही सगळ्यांचं ऐकतात असं नाही, त्यांना पटलं तरच करतात.

आता आपल्या गरजांवर तिघांनाही तपासा.

लाइन. सोयाबीन पेरणीच्या टायमाला वारा सुटला का लाइन गेली, इन्व्हर्टर असला तरी बॅटरी जुनी. अपडेट चालू असताना मशीन बंद पडलं तं विंडोज बहुतेक वेळा स्वतःच मागं फिरते, बदल रद्द करून राहिलो असं दाखवते अन् अर्धा तास खाते पण उभं राहते. मिंट-उबुंटूत अर्धवट बसलेलं पॅकेज टर्मिनलमधून नीट करावं लागते, नाही तं टाइमशिफ्ट नावाच्या सिस्टीमच्या बॅकअपवाल्या ॲपनं मागच्या तारखेला जायचं, अन् टाइमशिफ्ट आधी लावून ठेवलं असंल तरच. इथं विंडोजला मार्क जास्त. पण मिंटमध्ये अपडेट तुम्हीच सुरू करता म्हणून तो प्रसंगच कमी येते. माझी तिघांनाही सूचना एकच राहील, अपडेट बसवण्याआधी नुसतं विचारा का बाप्पा लाइन आहे का, एक तास थांबू का. एवढं साधं कोणी करत नाही.

डेटा. इथं पण विंडोज पुढं आहे, खोटं काहून बोलावं. वायफायला मीटर्ड (डेटा मोजका आहे असं सांगणारं सेटिंग) करून ठेवलं का मोठे अपडेट उतरत नाही, डेटाची मर्यादा लावता येते, अन् एकाच सेंटरमध्ये चार मशीन असले तं एकानं उतरवलेलं अपडेट बाकीच्यांना देण्याची सोय आतच आहे. लिनक्समध्ये हे सगळं होते पण हातानं बसवावं लागते, गावात ते करून देणारा सापडला पाहिजे. उबुंटू-मिंटला कोणी पहिली सूचना पाठवणार असंल तं हीच पाठवा.

मराठी. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट (सरकारी मानक कीबोर्ड) अन् फोनेटिक आहे, रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरची मांडणी) नाही, अन् आपले जुने टायपिंगवाले सगळे रेमिंग्टनवर तयार झालेले, म्हणून अजून कृतीदेव वापरून रायले. कृतीदेव हा फाँट आहे, तो लिनक्सवरही टाकता येते, फाइल दिसते, पण तो मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) नसल्यानं शोधता येत नाही की ऑनलाइन फॉर्ममध्ये चिकटवता येत नाही, हे दुखणं तिन्हीकडे सारखं. लिनक्सवर आयबस ह्या टायपिंगच्या ॲपसोबत एम१७एन हा भाषांच्या कीबोर्डांचा संच टाकला का इनस्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स (रोमन अक्षरांतून लिहायची पद्धत) मिळते, हिंदीचा रेमिंग्टनही मिळते. अन् एक बारीक गोष्ट, मराठीचा ल अन् श हिंदीपेक्षा वेगळा काढतात, शासनाचा २००९ चा निर्णयही तसाच आहे, पण विंडोजच्या मंगल फाँटमध्ये हिंदी वळणाचाच दिसते. मराठी शाळेच्या मास्तरला हे खुपते, बाकी कोणाला नाही, म्हणून मतं पडत नाही. लिनक्सच्या बाजूनं फरक इतकाच का मेनूत मराठी शब्द चुकीचा दिसला तं लाँचपॅड ह्या भाषांतराच्या साइटवर जाऊन कोणीही दुरुस्ती सुचवू शकते, यवतमाळातली बारावीची पोरगी पण. विंडोजमधला चुकीचा शब्द कळवता येते, स्वतः बदलता येत नाही.

मंग टाकावं काय? आधार अंगठा मशीन लावून पीएम किसान, पीक विमा, फार्मर आयडी करत असाल तं गुपचूप विंडोजवर राहा, त्या मशीनची आरडी सर्व्हिस (अंगठा आधारला पाठवणारं सॉफ्टवेअर) विंडोज अन् अँड्रॉइड धरूनच चालते, गर्दीच्या दिवसात पंचवीस जण बाहेर उभे असताना प्रयोग नको. टॅलीवर हिशेब असलेल्या कृषी केंद्राचंही तेच. डिजिटल सहीच्या टोकनवाल्यांचंही जवळपास तेच, लिनक्सवर जमते पण घाम काढते. अशा ठिकाणी आठव्या जनरेशनचं सेकंडहँड मशीन घेऊन विंडोज ११ टाकणं स्वस्त पडते. घरी पोरांचा अभ्यास, ब्राउझर, यूट्यूब, अर्ज टाइप करणं, सातबारा काढून प्रिंट मारणं एवढंच असंल तं मिंट, बिनधास्त. उबुंटू मी त्यालाच सांगीन ज्याला पुढं सर्व्हर-बिर्व्हरचं शिकायचं आहे.

प्रिंटर मात्र आधी तपासा. एचपीचे बरेच मॉडेल मिंटवर वायर लावताच चालतात, पण सगळ्या झेरॉक्सच्या दुकानात दिसते तो कॅननचा २९०० वाला लेझर प्रिंटर लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर मागते अन् बसवताना डोकं खाते. त्यासाठी मिंट इन्स्टॉल करायची गरज नाही, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून नुसती चालवून बघा, हार्ड डिस्कला हात लागत नाही, प्रिंट निघते का, वायफाय पकडते का, मराठी पडते का एवढं एका बैठकीत कळते. फक्त फाइल मिंटच्या स्वतःच्या साइटवरून घ्या अन् चेकसम (फाइल अस्सल आहे हे ओळखायचा आकडा) जुळवून बघा, फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांचीच साइट हॅक करून कोणीतरी डाउनलोडची लिंक खराब फाइलकडे वळवली होती.