टपालानं आलेलं मिरचीचं बी : दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या फेब्रुवारीपासून मी मिरचीचं बी टपालानं देते-घेते. इंदूरला सुदामा नगरात आमची गच्ची, तिथे २१ कुंड्या. आजवर १४ पाकिटं आली, ११ गेली. पैशांचा व्यवहार नाही. बियांच्या बदल्यात बी, पाच रुपयांचं तिकीट ज्याचं त्यानं लावायचं.

आधी मनाला लागलेलं सांगते. कोल्हापूरहून लवंगी आली. ११ पैकी ९ बिया उगवल्या, मी हरखून गेले. ऑगस्टमध्ये त्यातल्या तीन झाडांना बोटभर लांब, जाडसर सालीच्या मिरच्या लागल्या. तिखट होत्या, पण लवंगीचा झणका नाही. पाठवणाऱ्या दादांनी फसवलं नव्हतं. त्यांच्या परसात लवंगीशेजारीच भज्यांची मिरची होती. मिरचीचं फूल स्वतःच्या परागानं फळतं खरं, पण मधमाशी मध्ये आली की संकर होतो. आणि तो त्या मिरचीत दिसत नाही, तिच्या बियांतून आलेल्या झाडात दिसतो. देणाऱ्याला कळायला मार्गच नाही. तेव्हापासून वाणाच्या नावाआधी मी विचारते, फूल झाकलं होतं का?

माझी पद्धत सांगते. हळदीकुंकवाला वाण देतात त्या जाळीच्या पुरचुंड्या घरात पडून असतात. कळ्या उमलायच्या आत शेंडा त्यात घ्यायचा, दोरी अलगद ओढायची, सकाळी फांदीला दोन टिचक्या मारायच्या. मिरची धरली की पुरचुंडी काढून देठाला लाल दोरा बांधायचा. बी फक्त लाल दोऱ्याच्या मिरचीचं.

नागपूरच्या एका ताईंना मी सुरुवातीला बेडियाच्या बाजारातल्या वाळक्या मिरचीचं बी देऊ केलं होतं. त्यांनी विचारलं, "सरळ वाण की संकरित?" मला सांगता येईना. सरळ वाणाचं बी पुढे आईसारखं येतं, संकरिताचं येत नाही, म्हणून त्यांनी ते घेतलं नाही. तरीही भिवापुरीच्या १५ बिया पाठवल्या, हे मी विसरणार नाही.

गुवाहाटीहून भूत जोलोकियाच्या दहा बिया आल्या. २००७ मध्ये जगात सर्वांत तिखट म्हणून गिनीजमध्ये गेलेली, दहा लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणाचं माप) वरची मिरची. ज्वाला ही दुसरी मिरची नवव्या दिवशी उगवली, हिचा पहिला कोंब २४व्या दिवशी! मधे धीर सुटून मी माती उकरली आणि एक कोंब मोडला. असं करू नका, ऊब द्या आणि थांबा. मेच्या उन्हात फुलं गळाली, मिरची धरली ती सप्टेंबरात. बी काढताना हातमोजे हवेतच, कारण खरा जाळ बियांत नसतो, आतल्या पांढऱ्या पडद्यात असतो.

पाकिटाबद्दल थोडं. दोनदा बी चुरडून आलं. आता मी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या दोन तुकड्यांत बी ठेवते. आधी सावलीत वाळवायचं. वाकवल्यावर चटकन मोडलं तरच ते तयार. ओलसर बी प्लास्टिकमध्ये घातलं तर बुरशी ठरलेली. परदेशातून मात्र मागवू नका, आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं.

संक्रांतीनंतर भिवापुरीची सहा पाकिटं निघतील. पहिलं कोल्हापूरच्या दादांना. यंदा त्यांनी लवंगी जाळीत धरली आहे.